आम्ही ढाणकीला हजर झालो

मला एक्कावन्नावं लागलं त्या वर्षी आमच्या कंपनीला वाटू लागलं, की मी म्हातारा झालो. मला स्वतःला तसं काही वाटत नव्हतं. यवतमाळात मी रोज सायकलनं कचेरीत जात होतो आणि परत येताना चढावर उतरत नव्हतो. चष्मा होता, पण तो तिशीतच लागला होता.

कंपनी कापसाची. शेतकऱ्यांकडून कापूस विकत घ्यायचा, आपल्या जिनात त्यातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि मुंबईला रवाना करायच्या, हा तिचा धंदा. मी एकोणिसाव्या वर्षी कागदांच्या नकला उतरवायला म्हणून लागलो आणि पुढे हेडक्लार्क झालो. हमालापासून अडत्यापर्यंत सगळे मला बडे बाबू म्हणत. प्रत्येक नोकराचं सेवापुस्तक माझ्या कपाटात असे. कोण कधी लागला, कोणाचं वय किती, हे मला पुस्तक न उघडता सांगता येई.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. सगळंच बदलत होतं. आणे जाऊन नवे पैसे आले होते. आता मण-शेर जाऊन किलो आणि क्विंटल येणार, असं सरकारनं ठरवलं होतं. त्याच सुमारास कंपनीच्या मुंबईच्या कचेरीनं आमच्याकडे नवा मॅनेजर पाठवला. वय तिशीचं, हुशार, कामाला वाघ. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. पण पन्नाशीपुढची माणसं नव्या काळाला चालत नाहीत, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कोणीतरी पक्की बसवून पाठवली होती.

पोळा नुकताच झाला होता. एका सकाळी त्यानं मला बोलावलं आणि बंद पाकिटं हातात दिली. म्हणाला, "ही ज्यांची त्यांना वाटून द्या." मी वरची नावं वाचत गेलो. पाच पाकिटं. पाचवं माझंच होतं.

जागेवर येऊन मी ते उघडलं. कंपनी ढाणकीला नवी खरेदी कचेरी काढत आहे, आपली बदली तिथे केली आहे, पंधरा दिवसांत हजर व्हावं, न झाल्यास आपण नोकरी सोडली असं समजलं जाईल. बाकीच्या चौघांचंही तेच. मी पाचही नावं मनात पुन्हा घोळवली. मग लक्षात आलं, की पाचही जण पन्नाशी ओलांडलेले आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या एकाला पत्र नव्हतं. कचेरीत आम्ही वीसेक माणसं होतो, आणि पन्नाशीवरचा एकही सुटला नव्हता.

ढाणकी म्हणजे जिल्ह्याचं अगदी दुसरं टोक. उमरखेडच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. नदीपलीकडे दहा वर्षांपूर्वीपर्यंत निजामाचं राज्य होतं. यवतमाळहून निघायचं तर आर्णी, महागाव, उमरखेड करत सबंध दिवस मोटारीत जायचा, आणि शेवटचा टप्पा मिळेल त्या बैलगाडीनं. बाजार चांगला भरत असे, पण आमच्या कंपनीचं तिथे काही असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी मॅनेजरकडे परत गेलो. विचारलं, "साहेब, ढाणकीला आपली कचेरी कुठं आहे?"

"एक शेड भाड्यानं घेतली आहे. बाकीचं तुम्ही जाऊन उभं करायचं."

"आणि आम्ही पाचच काहून?"

तो जरा चुळबुळला. म्हणाला, "अनुभवी माणसं हवीत तिकडे. इथे आता नवी मापं येणार, नव्या पद्धतीचे हिशेब. तुमच्या वयाला तो त्रास कशाला? आणि इतक्या लांब जाणं नको असेल, तर तोही मार्ग आहे." असं म्हणून त्यानं टेबलाचा खण उघडला आणि एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. तो राजीनामा होता. प्रकृतीच्या कारणास्तव. नावाची आणि सहीची जागा कोरी होती.

मी तो कागद परत त्याच्याकडे सरकवला. म्हणालो, "माझी प्रकृती बरी आहे, साहेब."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाचांपैकी दोघांनी सह्या केल्या. एकाची बायको अंथरुणाला खिळलेली होती, त्याला घर सोडता येण्यासारखं नव्हतं. दुसरा म्हणाला, "आता कोनाशी भांडू, बडे बाबू? ज्यायले आपण नको, त्यायच्या दारात कायले उभं राहाचं?" मी त्याला थांबवू शकलो नाही. अजूनही वाटतं, एक दिवस तरी थांब म्हणायला हवं होतं.

उरलो तिघं. एक मी. दुसरे आमचे कापसाचे पारखी. ते यवतमाळच्याच एका मुसलमान घरातले, सत्तावन्न वर्षांचे. सगळं जिन त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून धागा किती लांब, ओल किती, कचरा किती हे ते सांगत आणि मुंबईच्या गिरणीत ते तसंच निघे. तिसरा काट्यावर वजन करणारा. तो बंजारा, आर्णीकडच्या एका तांड्यातला. त्याचा बाप तांड्याचा नायक होता, म्हणून त्यालाही सगळे नायकच म्हणत.

नायकाच्या बाबतीत माझ्या मनाला एक गोष्ट टोचत होती. त्याचा जन्म कुठे लिहिलेला नव्हता. तो नोकरीला लागला तेव्हा सेवापुस्तकात तारीख मीच टाकली होती, त्याच्याकडे बघून, अंदाजानं. मी चार-पाच वर्षं कमी लिहिली असती, तर त्याला पाकीट आलंच नसतं. मी त्याला हे सांगितलं.

तो हसायला लागला. "मंग तुमच्यामुळं म्हातारा झालो म्हना की मी. जाऊ द्या, बडे बाबू. ढाणकीच्या अंगाला माया सोयऱ्यायचे तांडे आहेत. माया आजाचे बैल याच वाटेनं मिठाच्या गोण्या घेऊन जात होते. मोटार नोती, सडक नोती. थो पायी गेला, मले तं मोटार आहे."

चाचा काट्याला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "उन्होंने लिखा है, हाजिर हो जाव. तो हो जाते हैं. हाजिर झालेल्या माणसाले काढाचं म्हटलं तं मंग त्यायले काही तरी कारण द्या लागीन."

हे मला पटलं. बदली ही बदली नव्हती, आम्ही जाणार नाही या भरवशावर पाठवलेला निरोप होता. त्याचं एकच उत्तर होतं, जाणं.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला होती, म्हणजे दोघी माझ्यासोबत येऊ शकणार नव्हत्या. मला वाटलं, ती रडेल किंवा राजीनामा द्या म्हणेल. ती पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "तुमाले ज्यायनं बसवलं त्यायले उठवू द्या. आपून आपल्या हातानं काहून उठाचं?" मग थोड्या वेळानं विचारलं, "तिकडं जेवनाचं कसं?" तिनं दुसऱ्या दिवसापासून मला भाकरी थापायला शिकवली. पहिल्या आठवड्यातल्या माझ्या भाकरी बघून मुलगी हसत असे, पण खात असे.

पंधरा दिवसांच्या मुदतीतले तीन दिवस शिल्लक असताना आम्ही निघालो. एक ट्रंक, तीन वळकट्या, नायकाची घोंगडी, आणि चाचांच्या खांद्याला नमाजाची चटई. महागावला चहा प्यालो. उमरखेडला रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी बैलगाडीतून ढाणकीत उतरलो आणि शेडचा पत्ता विचारला.

शेड होती. वर पत्रा, तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला काही नाही. आत कोणाच्या तरी बकऱ्या बांधलेल्या होत्या. ना टेबल, ना काटा, ना पाण्याचा माठ. मी ट्रंकेवर बसलो आणि ट्रंकेवरच कागद ठेवून मॅनेजरला पत्र लिहिलं: आम्ही तिघं आज रोजी दुपारी दोन वाजता ढाणकीच्या कचेरीत हजर झालो आहोत, कामासाठी काटा, वजनं, रजिस्टरं आणि टेबल पाठवावं. तिघांच्या सह्या केल्या. नायकाला सही येत नसे, त्यानं अंगठा उठवला. पत्र रजिस्टर्ड डाकेनं टाकलं आणि पावती जपून ठेवली. बकऱ्यांच्या मालकिणीला नायकानं समजावलं. ती बकऱ्या घेऊन गेली आणि जाताना आम्हाला खराटा देऊन गेली.

आठ दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ, 'हजेरीची नोंद घेतली.' मला ती ओळ वाचून जो आनंद झाला, तसा बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता.

सामान काही लवकर येईना. बाजारात लोखंडी सामानाचं दुकान असलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं आम्हाला टेबल आणि बाक दिला. चाचा त्याच्याकडे शुक्रवारी नमाजानंतर बसत, त्यातून ओळख झाली. चौथी बाजू आम्ही तट्ट्यांनी बंद केली. पाटी मी स्वतः रंगवली. अक्षर मला चांगलं होतं, आणि त्या पाटीवर मी जरा जास्तच वेळ घालवला.

दसऱ्याच्या आधी काटा आला, आणि त्यासोबत नव्या वजनांची पेटी. किलोची लोखंडी वजनं, वर सरकारी छाप. ती बघायला अर्धा बाजार लोटला. लोकांच्या चेहऱ्यावर सरळ संशय होता. मण-शेर बदलताहेत म्हणजे कुठेतरी आपल्याला लुबाडायचं असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "तुमी सरकारचे का कंपनीचे? दोघायपैकी कोन खाते थे सांगा."

खरं सांगायचं तर नव्या मापांची भीती मलाही होती. मॅनेजर म्हणाला होता ते साफ खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं मणात विचार केलेलं डोकं क्विंटलात लवकर वळत नाही. मी रोज पहाटे उठून पैनगंगेकडच्या वाटेला फिरायला जाई आणि चालता चालता तोंडानं बेरजा करी. सव्वातीन मण म्हणजे किती, साडेसात मण म्हणजे किती. वाटेत भेटणारे लोक मला स्तोत्र म्हणणारा धार्मिक माणूस समजत. पहिल्या आठवड्यात मी चुकलोसुद्धा. एका शेतकऱ्याच्या गाडीचं वजन मी पावतीवर कमी मांडलं. तो अर्ध्या वाटेवरून गाडी वळवून परत आला. मी पुन्हा आकडे मांडले, चूक माझीच निघाली. सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली आणि पावती बदलून दिली. मला वाटलं, गेली आता पत. पण उलटंच झालं. तो गावात जाऊन सांगू लागला, की तिथला बाबू चुकते, पण कबूल करते.

खरं काम केलं ते नायकानं. त्यानं दुकानदाराकडून जुना शेर आणला. काट्याच्या एका पारड्यात शेर ठेवला, दुसऱ्यात किलो. किलोचं पारडं खाली गेलं. तो लोकांना म्हणाला, "पाहा, किलो शेरापेक्षा मोठा आहे. जरासाच. म्हनून मणात जितके शेर होतात, तितके किलो होत नाईत, कमी होतात. आकडा कमी दिसला म्हनून कापूस कमी झाला नाई." मग त्यानं एका शेतकऱ्यालाच वजन करायला लावलं. त्या माणसानं एक मोठा दगड आधी शेरानं आणि मग किलोनं तोलला, बोटांवर मोजलं, आणि दोन्ही आकडे पत्र्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायला मला सांगितलं. नायक तांड्यांतही गेला. तिथे तो बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काय बोलला ते मला कळलं नाही, पण पुढच्या सोमवारी तांड्यांच्या गाड्या आल्या, आणि त्यांच्यातल्या बायासुद्धा काट्याजवळ उभ्या राहून किलो मोजू लागल्या.

भिंतीवरच्या त्या दोन आकड्यांवरून मला सुचलं. मी एक बाजू चुन्यानं पोतून घेतली आणि गेरूनं कोष्टक काढलं. डाव्या हाताला मण, उजव्या हाताला किलो, पाव मणापासून वीस मणांपर्यंत. ज्याला वाचता येई तो न येणाऱ्याला वाचून दाखवी. दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे कापूस घालणारेही आमच्या भिंतीपुढे येऊन आपली पावती ताडून बघत. व्यापाऱ्यांना ते आवडत नसे, पण भिंत आमची होती.

चाचा कापूस बघत तेव्हा मी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत असे. एकदा एका गाडीत वर कोरडा आणि मध्ये ओला कापूस निघाला. वजन वाढावं म्हणून कोणी कोणी पाणी मारत. चाचांनी आतून मूठभर काढला, नाकाशी नेला, आणि शेतकऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "बेटा, रातले दव पडलं असन. उनात पसरव, परवा घेऊन ये. भाव हाच देतो." त्या माणसाची मान खाली गेली. तिसऱ्या दिवशी तो खडखडीत कापूस घेऊन आला, आणि पुढे दर हंगामाला आमच्याकडेच आला. मी चाचांना विचारलं, "दव म्हणाले तुम्ही. दव असं मधोमध पडतं?" ते म्हणाले, "बडे बाबू, उसका बाप भी मुझे ही माल देता था क्या? नाई. पर उसका बेटा देईन."

त्या हंगामात आमच्या शेडपुढे गाड्यांची रांग लागे. कंपनीला वाटलं होतं, ढाणकीत काही मिळणार नाही. मिळालं, आणि चांगलं मिळालं. पुसद-उमरखेडकडचे लोकसुद्धा विचारत येऊ लागले. माघात यवतमाळच्या कचेरीतून एका तरुण कारकुनाचं खासगी पत्र आलं. मी त्याला पत्रव्यवहार शिकवला होता. त्यानं लिहिलं होतं, की इथे मण-किलोचा गोंधळ चालू आहे, तुमच्या कोष्टकाची नक्कल पाठवता येईल का. मी सबंध कोष्टक सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवलं.

आणि होळीनंतर कंपनीचं पत्र आलं. हंगाम संपल्यामुळे ढाणकीची कचेरी बंद करण्यात येत आहे, तिथल्या तिन्ही नोकरांची आता गरज उरलेली नाही.

मी ते वाचून दाखवलं. नायक म्हणाला, "म्हंजे काम केलं तरी म्हातारे, नाई केलं तरी म्हातारे." पहिल्यांदाच मला त्याचा आवाज जड वाटला.

पण आता आमच्या हातात कारण होतं. मला नोकरकपातीचा कायदा थोडा ठाऊक होता, कारण त्याची पत्रं मीच तर इतकी वर्षं फाइलीला लावत होतो. माणसं कमी करायची असतील, तर शेवटी लागलेला आधी जायला पाहिजे. यवतमाळला आमच्या मागे तीन नवे लोक घेतले होते, हे त्या कारकुनाच्या पत्रात होतं. मी अर्ज लिहिला. कोणाची सेवा किती, कोण कधी लागला, आम्हाला कधी आणि कुठे पाठवलं, हजर झाल्याची डाकेची पावती, सगळं लावलं. एकही कडवा शब्द घातला नाही. तीन वेळा लिहून काढला आणि सरकारच्या कामगार अधिकाऱ्यांकडे पाठवला.

ते उन्हाळ्यात यवतमाळला दौऱ्यावर आले. डाक बंगल्याच्या व्हरांड्यात सुनावणी झाली. एका बाजूला आम्ही तिघं, धुतलेले कपडे घालून. दुसऱ्या बाजूला मॅनेजर, आणि त्याच्या मागे कागद धरून उभा असलेला तोच तरुण कारकून. आवारातल्या झाडाखाली राजीनामा दिलेल्यांपैकी एक जण येऊन बसला होता.

अधिकाऱ्यांनी अर्ज शांतपणे वाचला. मॅनेजरला विचारलं, "ढाणकीला हेच पाच जण का निवडले?"

"कामाच्या सोयीसाठी."

"पाचही पन्नाशीच्या वरचे आहेत."

"तो योगायोग आहे, साहेब. शिवाय नव्या मापांचं काम या वयाच्या माणसांना झेपण्यासारखं नव्हतं."

"मग जिथे सगळी खरेदी नव्या मापांत करायची, तिथेच त्यांना पाठवलंत?"

मॅनेजरनं राजीनाम्यांचे कागद पुढे सरकवले. मग म्हणाला, "आम्ही कोणालाही काढलं नव्हतं. दोघांनी आपल्या खुशीनं राजीनामे दिले."

तेव्हा मागून आवाज आला, "साहेब, मी बोलू?" तो कारकून होता. तो म्हणाला, "राजीनाम्याचे कागद मी टाइप केले. बदलीची पत्रं वाटायच्या आदल्या दिवशी. मला पाच करायला सांगितले होते. पाचच."

मॅनेजरनं मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. अधिकाऱ्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली त्या पोराची सही घेतली. सव्वीस वर्षांचा होता तो. घरी म्हातारी आई, नुकतंच लग्न झालेलं. मला माझ्या सगळ्या नोकरीत इतका अभिमान कशाचा वाटला नाही, जितका त्या सहीचा वाटला.

पुढे बोलणी दोन महिने चालली. मधल्या काळात चाचांनी एक गोष्ट काढली, जी माझ्या ध्यानात आली नव्हती. ते म्हणाले, "आपण जिंकलो तर ते तीन नवे जातीन. उनके भी तो बच्चे हैं." मला राग आला. मी म्हणालो, "आपण काय ठेका घेतला आहे सगळ्यांचा?" पण दुसऱ्या दिवशी मी स्वतःच बसून दुसरा अर्ज लिहिला. ढाणकीत जेवढा कापूस आला त्यावर तिथे कायमची कचेरी चालू शकते, ती ठेवली तर कोणालाच कमी करायला नको, आणि नव्या तिघांना आम्ही काम शिकवू. हंगामाची रजिस्टरं सोबत जोडली.

कंपनीनं अखेर हे मान्य केलं. मुंबईला बहुधा त्या रजिस्टरांनी पटवलं असेल, आमच्या हक्कांनी नव्हे. पण मान्य केलं. आम्ही तिघं पुन्हा कामावर आलो, सेवा न तुटता, साठीपर्यंत. सही केलेल्या दोघांसाठी मात्र अधिकारी काही करू शकले नाहीत, कारण कागदावर त्यांची सही होती. झाडाखाली बसलेला आमचा सोबती तडजोड झाली त्या दिवशी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बरं झालं, तुमी नाई केली सही." त्यानं ते मनापासून म्हटलं. पुढे तो जिनाच्या फाटकासमोर बिड्यांची टपरी चालवत असे. यवतमाळला गेलो की मी त्याच्याकडे थांबत असे.

दसऱ्याला तिन्ही नवे ढाणकीला आले. चौथा न सांगताच आला, तो टाइप करणारा कारकून. त्यानं स्वतः बदली मागून घेतली होती. मॅनेजरच्या हाताखाली राहणं त्याला अवघड झालं असेल, पण तो तसं कधी बोलला नाही. पत्रा काढून कौलं घातली, खोली वाढवली. मुलगी मॅट्रिक झाली तसं बायकोही आली, आणि माझ्या भाकरी एकदाच्या बंद झाल्या. नव्या पोरांना चाचा रोज सकाळी कापसाच्या ढिगापाशी बसवत, डोळे मिटायला सांगत आणि बोटांनी धागा ओढून लांबी सांगायला लावत. दोघं शिकले. तिसऱ्याला ते कधीच जमलं नाही, पण तो काट्यावर चांगला निघाला.

चाचा साठीला नोकरीतून निघाले तेव्हा महाराष्ट्र झालेला होता. निरोपाला पंचक्रोशीतले शेतकरी आले होते. त्यातल्या एकानं चाचांच्या हातात फक्त कापसाचं एक पूर्ण फुटलेलं बोंड दिलं. चाचांनी सवयीनं ते दोन बोटांत ओढून बघितलं आणि म्हणाले, "बढिया है." एवढंच त्यांचं भाषण.

नायक त्यांच्यानंतर तीन-चार वर्षांनी निघाला, मी घातलेल्या अंदाजाच्या तारखेप्रमाणे. त्याच्या जागेवर मला माणूस घ्यायचा होता. बरेच जण आले. त्यात महागावकडचा एक त्रेपन्न वर्षांचा माणूस होता, एक लहान जिन बंद पडलं तिथून सुटलेला. मी त्याला दिवसभर काट्यावर उभं केलं, आणि संध्याकाळी त्याचं नाव यवतमाळला पाठवलं.

तोवर तिथे दुसरा मॅनेजर आला होता. त्याचं पत्र आलं, उमेदवाराचं वय जास्त वाटत नाही का, याबद्दल खुलासा करावा.

मी त्याला एका ओळीचा खुलासा लिहिला: वजन बरोबर करतो.

आठवड्यात मंजुरी आली.